बायोकेमिस्ट्रीचा हप्ता

समस्त पोशीरकर ग्रामस्थ, कर्जत, चौक आणि मोहोपाड्याला पसरलेले आमचे पाहुणे, तसेच पोटासाठी गाव सोडून गेलेली सर्व मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सुरेखाचा हैदराबादेत बंगला नाही. गाडी नाही. कंपनीने दिलेला ड्रायव्हर नाही, कारण ड्रायव्हर बसवायला आधी गाडी लागते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट मालकाच्या बोलण्यात आहे, इमारतीत नाही. ही घोषणा मी यापूर्वीही वेळोवेळी केलेली आहे. लग्नांत केली, बारशांत केली, एकदा तर दहाव्याला नदीवर केली. एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. म्हणून आता लेखी.

सुरेखा म्हणजे मीच. पोशीर गावातली एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री झालेली पहिली बाई, आणि अजून तरी शेवटचीही.

माझं गाव सुटलं ते कर्जत स्टेशनवर, आणि तेही धड एका दमात सुटलं नाही. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं लावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इतर ठिकाणी निरोप संपायच्या आत गाडी सुटते. कर्जतला निरोप संपतो आणि गाडी तिथंच असते. आई रडली, मी रडले, बाबांनी खिडकीच्या गजांतून माझा हात दाबला. गाडी हलेना. दादा जाऊन वडे घेऊन आला. ते खाऊन झाल्यावर आई पुन्हा रडली, पण पहिल्याइतकं जमलं नाही. तिसऱ्या वेळी कोणाकडेच काही उरलं नव्हतं, तेव्हा बाबांनी मला इंजिन कसं जोडतात ते समजावून सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबले आणि म्हणाले, "मोहोपाड्याचा धूर मी गिळला तेवढा घराला पुरे झाला. तू शिक. कर्जाचं माझ्यावर सोड."

तेवढ्यात मागून धक्का बसला आणि गाडी निघाली. बाबांचं ते शेवटचं वाक्य मला निरोप म्हणून मिळालं. इंजिन जरा लवकर लागलं असतं, तर मला फक्त इंजिनाची माहिती मिळाली असती. कधीकधी वाटतं, ती जास्त टिकाऊ होती.

बाबा मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. संध्याकाळी घरी यायचे ते त्या कंपनीचा वास अंगात घेऊन, आणि तो वास किती वेळा घासला तरी जायचा नाही. मी कर्जतला बी.एस्सी. झाले, तेव्हा त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं की पोरीला लॅबमध्ये ट्रेनी म्हणून घेतो, पुढच्या महिन्यापासून पगार. दुसरीकडे दक्षिणेतल्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. दोन वर्षांची एम.एस्सी., आणि फी ऐकून आईने देवापुढे आधीच लावलेल्या दिव्यात आणखी तेल घातलं. एका पारड्यात उद्यापासूनचा पगार, दुसऱ्यात बँकेचं कर्ज. बाबांनी दुसरं पारडं निवडलं, कारण पहिल्याला तो वास होता.

बँकेतला दिवस मला चांगला आठवतो, कारण आम्ही तिथं जी चूक केली तिला मी नंतर बरीच वर्षं पोसलं. साहेब म्हणाले, शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता भरायचा नाही. बाबांनी मान डोलावली, दादाने मान डोलावली, मी तर पदवीधर म्हणून दोनदा डोलावली. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं आम्ही तिघांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आमच्याकडे घेणेकऱ्याने थांबायचं कबूल केलं की तो थांबतो. लग्नाला उसने घेतलेले पैसे असे थांबलेले आम्ही पाहिले होते. बँकेच्या साहेबाला आम्ही त्याच घरातला समजलो. बाहेर आल्यावर बाबा म्हणालेसुद्धा, "माणूस चांगला हाय." माणूस चांगलाच होता. व्याज त्याच्या ताब्यात नव्हतं, इतकंच.

मग मी एम.एस्सी. झाले, आणि हैदराबादच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. माझ्या शेजारच्या टेबलावर नुसतं बी.एस्सी. झालेली पोरं होती. तीही तेच नमुने तपासायची, तेच मशीन लावायची, तेच आकडे उतरवायची. मला त्यांच्यापेक्षा महिन्याला पाचशे रुपये जास्त होते. शंभरएक एन्झाइमांची नावं, ग्लुकोजपासून पुढे जाणाऱ्या सगळ्या वाटा आणि आडवाटा, दोन वर्षं मेसचं सांबार, या सगळ्याचे मिळून पाचशे. आणि हप्ता किती होता ते विचारू नका. पगार आला की तो पहिला पळायचा, मी त्याच्या मागून.

त्याच वर्षी बाबांच्या कंपनीने जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. नावात तेवढी स्वेच्छा होती. कर्जाचं माझ्यावर सोड म्हणणारा माणूस घरी बसला, आणि तो आयुष्यात पुन्हा कधी ते वाक्य बोलला नाही. मीही काढलं नाही. फोनवर आम्ही भाताबद्दल बोलायचो. पाऊस किती, लावणी कुठवर आली, कोणाच्या बांधावरून भांडण झालं. बाप-लेक एवढं भाताबद्दल बोललेले पोशीरच्या इतिहासात सापडणार नाहीत.

अमीरपेटच्या लेडीज हॉस्टेलमध्ये मी माझी तरुणपणाची वर्षं काढली. खोलीत चौघी, त्यातल्या तिघी बदलत राहायच्या. हॉस्टेलवाल्या अक्का मला कधी भाडं उशिरा दिलं तरी "पर्वालेदु" म्हणायच्या, म्हणजे असू दे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी बंद करायच्या. मी दहीभात खायला शिकले, गोंगुऱ्याचं लोणचं शिकले, भाजीवाल्याला "नक्को" म्हणायला शिकले. ते शिकावं लागलं नाही म्हणा, आपलंच आहे, फक्त त्यांनी क जरा घट्ट केलाय. आज मी स्वप्नात हिशेब करते तो हैदराबादी हिंदीत. शिव्या मात्र अजून कर्जतच्याच येतात.

आणि नीलम. माझ्याबरोबर बी.एस्सी. झालेली. मी सोडलेल्या त्या लॅबच्या जागेवर तीच लागली. माझा शेवटचा हप्ता गेला, तोवर नीलमचा नेरळला फ्लॅट झाला होता, स्कूटी झाली होती, मुलगा शाळेत जात होता. मी गावी आले की ती मला फ्लॅट दाखवायची आणि वर म्हणायची, तुझं बाई वेगळंच, तू शास्त्रज्ञ. पुढे तिची लॅब कंत्राटावर गेली आणि नीलम घरी शिकवण्या घ्यायला लागली. तीही रडते, मीही रडते. पण ती स्वतःच्या फ्लॅटमध्ये रडते.

हे सगळं मी गावात सांगितलेलं आहे. जसं आता सांगतेय तसंच, हातवारे करून. लोक ऐकतात, हसतात, आणि जाताना सांगतात की एवढं कमावूनही बोलणं किती साधं आहे बघा. आमच्याकडे ज्याच्याकडे नाही तो आहे म्हणतो आणि ज्याच्याकडे आहे तो नाही म्हणतो, ही जुनी रीत. फार्महाऊसवाल्यांना जमीन विकून जे गब्बर झाले ते फाटका शर्ट घालूनच चहाला बसतात. तेव्हा मी नाही म्हटलं, की माझी इस्टेट वाढते. गेल्या दिवाळीला मी भाडं वाढल्याची तक्रार केली, तर चुलत काकाने मला पनवेलला एक गाळा सुचवला.

तर पोशीरला माझ्या नावाची एक बाई राहते. ती श्रीमंत आहे, शास्त्रज्ञ आहे, जरा चिकट आहे. मी गावी जाते तेव्हा सगळे तिलाच भेटतात, तिलाच जेवायला घालतात. घर म्हणजे आता त्या बाईचा पत्ता. मी आपली तिची बॅग उचलून नेते.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. ये, तन्वीचं ठरवायचंय. तन्वी ही दादाची मुलगी, तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, घरात सगळ्यांत कमी बोलणारी. तिला इंग्लंडच्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. विषय कुठला? जगात एवढे विषय पडलेले असताना, बायोकेमिस्ट्री. कर्ज पंचवीस लाखांचं, दहा वर्षांत फेडायचं, आणि तारण म्हणून रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा. सोमवारी कर्जतला बँकेत दादाची सही व्हायची होती. त्याच आठवड्यात मोहोपाड्याच्या एका कंपनीचंही पत्र आलं होतं. लॅब ट्रेनी, अठरा हजार, पहिल्या तारखेपासून रुजू. दोन्ही कागद घरात आणि दादा मध्ये, बसवलेल्या बैलासारखा. मला वाटलं, माझ्या सगळ्या हप्त्यांचं कुठंतरी चीज व्हायची हीच वेळ. मी शनिवारीच पोचले.

गावात शिरताना नाक्यावर मी स्वतःलाच भेटले. भलामोठा फ्लेक्स. मध्ये तन्वीचा फोटो, "कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुकांची रांग, आणि वरच्या कोपऱ्यात गोलात मी, वीस वर्षांपूर्वीची, दोन वेण्या घातलेली. नावाखाली लिहिलं होतं, प्रेरणास्थान, हैदराबादस्थित शास्त्रज्ञ. मी औषधांच्या बॅचचे कागद तपासते हो. सही आहे का, तारीख आहे का, खाडाखोड आहे का. फ्लेक्स लावला होता वहिनीच्या भावाने, म्हणजे तन्वीच्या मामाने. मामा मोहोपाड्यात कामगार पुरवण्याचं बघतो, नोकरी त्यानेच जुळवली होती. आणि नोकरीबरोबर मुलगाही. खालापूरकडचे लोक, दोन जेसीबी, एकुलता एक. रविवारी बघायला येणार होते. कंपनीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तिच्या बायोडेटात नोकरीची ओळ चढली होती आणि तो बायोडेटा मोबाइलवरून तीन तालुके फिरून आला होता. वहिनीने मला चहाआधी तो दाखवला.

चहा तन्वीने केला. मी स्वयंपाकघरात तिच्याशेजारी उभी राहिले. ती गॅसकडे बघत म्हणाली, "आत्या, तुझ्या घरी सकाळचा चहा कोण करतं?"

मीच करते, म्हटलं.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने मान हलवली आणि कप भरले. मला वाटलं पोर माझी कीव करते. जरा बरंही वाटलं, कारण पुढे मला तेच हवं होतं.

मग ओटीवर सभा बसली. दादा खुर्चीत, मोबाइलचा कॅलक्युलेटर उघडून. चौकला त्याचं गॅरेज आहे, त्याची बोटं पाने फिरवून फिरवून जाड झालीत, ती शून्यावर दोनदा पडायची आणि कर्ज अडीच कोटींवर जायचं. मामा झोपाळ्यावर. वहिनी उंबऱ्यात, तन्वी तिच्यामागे भिंतीला टेकून. मी जे सांगायचं ते सगळं सांगितलं. व्याज शिकत नाही, ते पहिल्या दिवसापासून कमावायला लागतं. तिकडे शिकून झाल्यावर नोकरी विषयातलीच मिळेल असं नाही, वखारीत खोकी भरणारे एम.एस्सी. मी ऐकून आहे. परत आली तर इथली लॅब तिला किती देणार? इंग्लंड म्हणून फार तर दोन हजार वर. आणि आज ती अठरा हजारांवर लागली, तर तीन वर्षांत अनुभव होतो, मग कंपनी बदलता येते.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू गेलीस तवा कोनी आडवं आलं का?"

नाही, म्हटलं.

"मग आता हिची पाळी आल्यावर तुला कर्ज दिसाया लागलं? तुझा फोटो फ्लेक्सवर एकटीचाच रावा असं हाय का?"

वीस वर्षं मी जे खरं सांगत आले, त्याचं हे फळ. स्वतः गेली आणि आता मागून येणाऱ्याची शिडी काढते. बोचलं, कारण दादा मनाने वाईट नाही. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःचं शिक्षण बारावीला थांबवलं होतं. त्याला माझं वैभव खोटं ठरवणं परवडणारं नव्हतं. खोटं असेल, तर तो कशासाठी थांबला?

आश्चर्य म्हणजे वहिनी माझ्या बाजूला आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, "वन्सं बोलतात त्यात काय खोटं हाय? पोरीची जात, एवढं कर्ज कशापायी?" मामाने झोपाळ्यावरून दुजोरा दिला. मी, वहिनी आणि मामा एका पक्षात, हे दृश्य बघायला आई हयात हवी होती, आणि बाबाही. मला चढलंच. वहिनीच्या डोळ्यांतलं कौतुक इतकं दुर्मीळ की त्याच्यासाठी मी काहीही सांगितलं असतं. आणि दादाला पाडायला माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती, जी गावात मी कधीच सांगत नाही, कारण ती गावाला माहीतच आहे.

मी उठले. पदर खोचला. मला बघायला आलेल्या पाहुण्यांचा प्रयोग सुरू केला.

पहिले आले ते पनवेलकडचे. मी रजा काढून हैदराबादहून आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या बापाला माझं शिक्षण फार आवडलं, उच्चार करता येत नव्हता तरी आवडलं. मग बाबा, सरळ माणूस, स्वतःहून म्हणाले की तिच्या नावावर बँकेचं कर्ज हाय, अजून फिटायचंय. मुलाच्या बापाने बशी खाली ठेवली. विचारलं, लग्नानंतर हप्ता कोण भरणार? बाबा म्हणाले, तीच भरेल, तिच्या पगारातून. त्यावर तो गृहस्थ अगदी सज्जनपणे म्हणाला, "म्हणजे आमच्याच पगारातून ना." मी समोर उभी होते, हातात ट्रे. माझा पगार त्यांचा कधी झाला ते मला कळलंसुद्धा नाही.

दुसरे खालापूरचे. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स आणला होता आणि तो मधोमध ठेवला होता. कर्जाचं ऐकल्यावर ते उठले, चपला घातल्या, आणि मुलाची आई परत आत आली ती बॉक्स न्यायला. हे मी करून दाखवलं, त्या बाईची चालसुद्धा. मामा खो खो हसला. दादाही हसला, मान खाली घालून.

मग मी आवाज खाली आणला. त्यानंतर कोणी आलं नाही, म्हटलं. पोशीरची ती पोरगी कर्जाची आहे, हे तालुकाभर झालं. मध्यस्थांनी आमचं दार सोडलं. बाबा दर उन्हाळ्यात ओटी सारवून घ्यायचे, आणि उन्हाळा तसाच निघून जायचा. माझं कर्ज फिटेस्तोवर, वर्षानुवर्षं, एका माणसाने मला बघायला म्हणून या उंबऱ्याला पाय लावला नाही. फिटलं तेव्हा बघण्यासारखं वय राहिलं नव्हतं. दादा, व्याजाचं गणित बँक देते, या व्याजाचं कोण देतं? तुझ्या पोरीच्या अंगावर पंचवीस लाख चढले, की उद्याचे हे खालापूरकर नाक्यावरूनच गाडी वळवतील. एकदा वळवली, की पुढची दहा वर्षं या घरी पोह्यांची कढई चढायची नाही.

मी बसले. खरं सांगते, आतून हलले होते. हसवता हसवता मी बाबांच्या त्या सारवलेल्या ओटीवरच येऊन बसले होते. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मामाने झोपाळा थांबवला. दादाने कॅलक्युलेटर बंद केला आणि मोबाइल खिशात घातला, आणि मला कळलं की मी जिंकले. या घरात आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं खरं मानलं होतं.

 तेव्हा वहिनीच्या मागून, भिंतीला टेकलेली तन्वी पुढे आली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. बापाकडे बघून ती बोलून गेली, "कर्ज फिटंपर्यंत कोणीच बघायला येत नाय? मग बाबा, दहाच्या ऐवजी पंधरा वर्षांचं घ्या ना."